तळ्याचा धनी कोण?

घराच्या मागील अंगणांत एक लहानसें तळें खणावें, त्यांत चार रंगीत मासे सोडावे, त्यांना रोज आपल्या हातानें खाणें घालावें, आणि एके दिवशीं पहाटे एका उंच राखी पक्ष्यानें येऊन तें तळें रिकामें करून जावें, ही गोष्ट इंग्लंडांत आज इतकी नित्याची झाली आहे कीं, तिजविषयीं कोणी इतिहास लिहावा असें सहसा कोणाच्या मनांत येणार नाहीं. राजांच्या लढाया, मंत्र्यांचीं कारस्थानें, पार्लमेंटांतील वादविवाद हे इतिहासाचे विषय; मासा, बगळा आणि तळें हे फार तर बालबोध नीतिकथेचे विषय, असा आपला समज असतो. परंतु ज्या पक्ष्यासंबंधानें पार्लमेंटाला सुमारें पांचशें वर्षांत पुनःपुन्हा कायदे करावे लागले, ज्याच्या एकेका अंड्याचें मोल कायद्याच्या कलमांत लिहिलें गेलें, त्याला क्षुल्लक समजणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं. शिवाय या लहानशा भांडणाच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मनुष्यानें जें आपलें म्हणून राखलें, तें रानांतल्या जिवानें नेलें, तर दोष कोणाचा आणि उपाय कोणीं करावयाचा? या प्रश्नाला इंग्लंडानें वेगवेगळ्या काळीं वेगवेगळीं उत्तरें दिलीं. तीं कोणतीं व तीं तशीं कां दिलीं गेलीं, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या दाव्यांतील प्रतिवादीची ओळख करून घेऊं. आपल्याकडे ज्यास राखी बगळा म्हणतात तोच हा पक्षी. युरोप, आशिया व आफ्रिका या तिन्ही खंडांत त्याची वस्ती असल्यामुळें महाराष्ट्रांतील वाचकास त्याचें रूप परकें नाहीं. उभा राहिला म्हणजे उंची तीन फुटांच्या आसपास, पंख पसरले म्हणजे रुंदी पांच-साडेपांच फूट, आणि एवढा डौल असूनही वजन अवघें दीड किलोच्या घरांतलें. दिवसाला पाव ते अर्धा किलो मासळी त्याला पुरते. त्याच्या मधल्या बोटाच्या नखाला फणीसारखे दांते असतात, आणि छातीवरील कांहीं पिसें झिजून त्यांची भुकटी होते. बुळबुळीत वाम गिळल्यावर अंगाला लागलेला चिकटा तो या भुकटीनें शोषून घेतो व फणीनें विंचरून टाकतो. निसर्गानें मासेमारीचीं एवढीं साधनें ज्याला दिलीं, त्याला तिसरी देणगी दिली ती धीराची. उथळ पाण्यांत पाऊल न हलवितां तो घटकाच्या घटका उभा राहतो. हें त्याचें कसब पाहून इंग्लंडांतील जुन्या कोळ्यांची अशी समजूत झाली होती कीं, बगळ्याच्या पायांतून एक प्रकारचें तेल स्रवतें व त्याच्या वासानें मासे आपण होऊन जवळ येतात. त्यामुळें गळ टाकणारे लोक बगळ्याची चरबी आमिषाला चोळीत. समजूत खोटी होती. पण शत्रूच्या यशाचें कारण त्याच्या श्रमांत न शोधतां त्याच्या जादूत शोधण्याची मनुष्याची खोड तींत स्पष्ट दिसते.

आतां वादीकडे वळूं. मध्ययुगीन इंग्लंडांत माशांचें तळें ही मोठ्या प्रतिष्ठेची वस्तु होती. ख्रिस्ती धर्माच्या नियमांप्रमाणें शुक्रवार, इतर उपासाचे वार व ईस्टरपूर्वींचे चाळीस दिवस मिळून वर्षाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक काळ मांस वर्ज्य असे. मासळी मात्र चाले. म्हणून मठ, बिशपांचे वाडे व सरदारांच्या गढ्या यांच्याभोंवतीं तळीं खणलेलीं असत. त्यांचे दोन प्रकार होते: एक मोठें, ज्यांत मासे वाढावयाचे, त्यास लॅटिनमध्यें ‘विव्हेरियम’ म्हणत, दुसरें लहान, ज्यांत पकडलेले मासे पाकशाळेची मागणी येईपर्यंत जिवंत ठेवावयाचे, तें ‘सर्व्हेटोरियम’. या तळ्यांवर मठांतील सर्व संन्यासी पोसले जात, असा समज पुष्कळ दिवस रूढ होता. परंतु ख्रिस्तोफर डायर यांच्यासारख्या इतिहासकारांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जुने हिशेब तपासून दाखविलें कीं, रोजच्या पंगतीला समुद्रांतील खारवलेली हेरिंग व सुकविलेला कॉडच असे. तळ्यांतला ताजा ब्रीम किंवा पाइक मासा हा सणावारीं, पाहुण्यांसाठीं किंवा वजनदार मनुष्यास नजराणा म्हणून बाहेर निघे. तळ्यांतला एक मोठा मासा म्हणजे अशा रीतीनें धन्याच्या वैभवाची मोहोर होती. तिची चोरी म्हणजे केवळ अन्नाची चोरी नव्हे, तर मानाची चोरी होय.

म्हणूनच पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दींत, इ. स. १२७५ सालीं, वेस्टमिन्स्टर येथें जो प्रसिद्ध कायदा झाला, त्याचें एक स्वतंत्र प्रकरण खासगी रमणे व मत्स्यतळीं यांत शिरून नासधूस करणाऱ्यांविषयीं आहे. अपराध्यास तीन वर्षांची कैद व शिवाय दंड अशी जबर शिक्षा त्यांत सांगितली आहे. येथवर न्याय सरळ होता. चोर मनुष्य असला म्हणजे त्याला धरतां येतें, काजीपुढें उभें करतां येतें. परंतु चोराला पंख असले तर? या बाबतींत युरोपच्या कायद्याची परंपरा रोमन आहे. सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहाच्या आज्ञेनें जो रोमन कायद्याचा संग्रह तयार झाला, त्यांत असा भेद स्पष्ट केला आहे कीं, मनुष्यानें आपल्या तळ्यांत आणून कोंडलेला मासा त्याच्या ताब्यांतला. मोकळ्या सरोवरांत फिरणारा मासा मात्र कोणाच्याच ताब्यांतला नव्हे. हाच न्याय पक्ष्यांना लावला म्हणजे रानांत फिरणारा पक्षी, कोणी पकडीपर्यंत, कोणाचाच नव्हे असें ठरतें. सारांश, मासा मालकीचा आणि बगळा बेवारशी! नुकसान खरें, परंतु फिर्याद कोणावर करावी तो धनीच अस्तित्वांत नाहीं.

इंग्लंडांत तर या पेंचांत आणखी एक गांठ पडली. बगळा कायद्यानें बेवारशी असला तरी व्यवहारांत त्याच्या पाठीशीं देशांतील सर्वांत बलाढ्य वर्ग उभा होता. ससाणे सोडून पक्षी मारण्याचा खेळ मध्ययुगीन युरोपांत राजेरजवाड्यांचा खास खेळ होता. जर्मन बादशहा दुसरा फ्रेडरिक यानें तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत या कलेवर स्वतः एक मोठा ग्रंथ लिहिला, व त्यांत क्रौंच, बगळे इत्यादि पक्ष्यांच्या राहणीचें सूक्ष्म निरीक्षण नमूद केलें. या खेळांत बगळ्याची शिकार ही फार मोलाची. दूरच्या पाण्यावरून पोट भरून घरट्याकडे परतणाऱ्या बगळ्यावर बहिरी ससाणे सोडावयाचे. मग बगळा घिरट्या घेत आकाशांत चढूं लागे, ससाणे त्याच्याही वर जाण्यासाठीं झटत, आणि खालीं घोड्यांवरून स्त्रीपुरुष माना उंच करून धांवत. हलकें होऊन चढतां यावें म्हणून बगळा अशा वेळीं गिळलेली मासळी ओकून टाकी. ही मासळी कोणाच्या तळ्यांतली, हा प्रश्न त्या मंडळींपैकीं कोणाच्या मनांत आला असेल असें वाटत नाहीं! खेळाखेरीज बगळ्याला पंगतींतही मान होता. इ. स. १४६५ सालीं जॉर्ज नेव्हिल यॉर्कचा आर्चबिशप झाला, त्या समारंभाच्या मेजवानीची जी यादी उपलब्ध आहे तींत ४०० बगळे नोंदलेले आहेत. जो पक्षी खेळाला हवा आणि ताटालाही हवा, त्याला कायद्याचें संरक्षण मिळणें क्रमप्राप्तच होतें.

तें सातव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, इ. स. १५०३-०४ च्या सुमारास मिळालें. स्वतःच्या जमिनीबाहेर कोणीं ससाण्यावांचून किंवा लांब धनुष्यावांचून बगळा मारूं अगर धरूं नये. मारल्यास दर बगळ्यामागें ६ शिलिंग ८ पेन्स दंड. आणि जमिनीच्या धन्याच्या परवानगीवांचून घरट्यांतलें पिलूं काढल्यास १० शिलिंग दंड, असा तो कायदा होता. धनुष्याला सूट मिळाली, कारण प्रजेचा तीरंदाजीचा सराव टिकावा ही राज्याची इच्छा होती. पुढें आठव्या हेन्रीच्या काळीं, १५३३-३४ च्या सुमारास, रानपक्ष्यांच्या अंड्यांविषयीं कायदा झाला. त्यांत बगळ्याचें एक अंडें उचलल्यास ८ पेन्स दंड ठरला. रानबदकाच्या अंड्याला एकच पेनी होती, यावरून बगळ्याचा दर्जा कळून येईल. त्या काळीं दक्षिण इंग्लंडांत सामान्य मजुराची रोजी सुमारें ४ पेन्स होती. म्हणजे एका अंड्यासाठीं दोन दिवसांची मजुरी, व एका बगळ्यासाठीं वीस दिवसांची. जमिनीच्या धन्याला आपल्या हद्दींत बरीच मोकळीक होती, हें खरें. परंतु ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याची, त्याला बगळ्याकडे नुसतें पाहत राहण्यावांचून गत्यंतर नव्हतें. कायदा पक्ष्याचें रक्षण करीत होता असें दिसतें. वस्तुतः तो रक्षण करीत होता तें पक्ष्यावरील हक्काचें, आणि तो हक्क कांहीं थोड्यांचा होता.

ही गोष्ट इ. स. १५६६ च्या कायद्यांत जितकी उघडी पडते तितकी दुसरीकडे कोठेंही पडत नाहीं. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत धान्याच्या रक्षणासाठीं म्हणून हा कायदा झाला. उपद्रवी जनावरें व पक्षी मारून त्यांचीं डोकीं आणून देणाऱ्यास गांवच्या चर्चच्या कारभाऱ्यांनीं वर्गणीच्या पैशांतून बक्षीस द्यावें, अशी त्यांत तजवीज होती. व कोणत्या जिवाच्या डोक्याला किती, याचा दरही ठरवून दिला होता. कायद्याचें नांव धान्याचें, पण यादींत मासे खाणारेही सांपडतात. पाणमांजराच्या डोक्यास २ पेन्स, पाणकावळ्याच्या डोक्यास २ पेन्स, मासे मारणाऱ्या मोठ्या घारीस, म्हणजे मोरघारीस, ४ पेन्स, आणि खंड्या पक्ष्यास १ पेनी. मग बगळ्याला किती? बगळ्याच्या डोक्याला मोल नाहीं. उलट कायद्याच्या शेवटीं एक पुरवणी जोडून असें बजावलें आहे कीं, या कायद्याचा आधार घेऊन ससाणे, बगळे, हंस इत्यादि पक्ष्यांच्या घरट्यांना व विणीला कोणीं उपद्रव देऊं नये! वाचकांनीं क्षणभर हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. ज्याचें सारें अंग तीन-चार तोळ्यांचें, जो बोटाएवढा मासा चोंचींत धरून उडतो, तो खंड्या समाजाचा शत्रु ठरून त्याच्या डोक्यावर बक्षीस लागतें. आणि हातभर वाम सगळीच्या सगळी गिळणारा बगळा त्याच कायद्यानें सुरक्षित राहतो. दोघांचा अपराध एकच. फरक एवढाच कीं, खंड्याचा खेळ करणारा सरदार कोणी नव्हता. समाज उपद्रवी कोणाला म्हणतो हें उपद्रवाच्या मापावर ठरत नसून उपद्रव देणाऱ्याच्या आश्रयदात्यावर ठरतें, याचा याहून ठळक दाखला क्वचितच मिळेल.

अशा स्थितींत तळ्याच्या धन्यानें काय केलें? जेथें कायदा हात देत नव्हता तेथें त्यानें कुदळ हातीं घेतली. सोळाव्या व सतराव्या शतकांत मत्स्यतळ्यांच्या बांधणीवर व व्यवस्थेवर एक छोटें शास्त्रच तयार झालें. मोराव्हियांतील ओलोमोउत्सचा बिशप यान दुब्राव्हियस यानें इ. स. १५४७ त यावर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, व १५९९ त तो इंग्रजींत आला. शेजारच्या बोहेमियांत त्याच शतकांत त्रेबोन्य गांवाजवळ याकुब क्रचीन यानें रोझंबेर्क नांवाचें अवाढव्य तळें बांधलें; १५८४ त सुरू झालेलें तें काम १५९० त पुरें झालें, व तें तळें आजही मासळी देत आहे. इंग्लंडांत जॉन टॅव्हर्नर यानें १६०० सालीं व रॉजर नॉर्थ यानें १७१३ सालीं या विषयावर स्वानुभवाचीं पुस्तकें लिहिलीं. टॅव्हर्नरचा सल्ला असा कीं, दोन तळीं ठेवावीं व एकआड एक वर्षीं एकेक कोरडें टाकावें, म्हणजे तळाची जमीन तापून सुपीक होते व पुढल्या वर्षीं मासे जोमानें वाढतात. साठवणीचीं लहान तळीं घराच्या व पाकशाळेच्या अगदीं जवळ ठेवण्याची रीत तर पूर्वींपासूनच होती. जेथें माणसांची सतत ये-जा तेथें बगळा बिचकतो. म्हणजे धन्याचा वावर ही त्या तळ्याची पहिली राखण होती. जो मासा नजरेआड, तो गेलाच म्हणून समजावें.

ज्यांनीं राखणीपेक्षां सूड पसंत केला असेही लोक होतेच. इझाक वॉल्टन याचें मासेमारीवरील जगप्रसिद्ध पुस्तक १६५३ सालीं निघालें. त्याच्या आरंभींच पाणमांजरांच्या शिकारीची हकीकत आहे, आणि एरवीं शांतीचा व संतोषाचा उपदेश करणारा त्यांतला गळवाला पाणमांजरांविषयीं बोलूं लागला म्हणजे त्यांचा निःपात इच्छितो. सौम्य प्रकृतीच्या माणसाची दयाही आपल्या माशाजवळ आली म्हणजे कशी थबकते, हें त्यांत पाहण्यासारखें आहे.

यानंतर काळ पालटला. मठ तर आठव्या हेन्रीनें १५३६ ते १५४० च्या दरम्यान मोडून टाकले होते. त्यांचीं तळीं गाळानें भरत चाललीं. सतराव्या शतकांतील यादवी युद्धानंतर ससाण्यांचा खेळ मावळला, व उडता पक्षी बंदुकीनें टिपण्याचा नवा षोक आला. दलदलीचे विस्तीर्ण प्रदेश पाट काढून कोरडे केले गेले. बगळ्याचा आश्रयदाता गेला, आणि त्याबरोबर त्याची प्रतिष्ठाही गेली. कालचा राजमान्य पक्षी आज सामान्य चोर ठरला, व नदीकांठचे राखणदार त्याच्यावर बंदूक रोखूं लागले.

आणि नेमक्या याच संधिकालांत तळ्यांतला मासाही बदलला. आजवर तो पोटासाठीं होता. आतां तो डोळ्यांसाठीं आला. सोनेरी माशाचें मूळ चीनमध्यें. मूळच्या रानटी जातीचा रंग काळपट-हिरवा, तळाच्या चिखलाशीं मिळणारा. त्यांत क्वचित् एखादा पिवळा-तांबडा मासा जन्मास येई. बौद्ध लोक पुण्यासाठीं जिवंत प्राणी सोडण्याचीं जीं तळीं बांधीत, त्यांत असे मासे अभय पावून टिकले. सुंग घराण्याच्या काळीं, बाराव्या शतकांत, हांगचौ येथें राजवाड्याच्या तळ्यांतून ते हौसेनें वाढविले जाऊं लागले. पुढें मिंग काळांत लोक त्यांना चिनी मातीच्या कुंड्यांत पाळूं लागले, व १५९६ त चांग छ्येन-ते यानें त्यांवर एक प्रबंधही लिहिला. इंग्लंडांत हा मासा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पसरला. होरेस वॉलपोल यानें स्ट्रॉबेरी हिल येथील आपल्या बागेंतल्या तळ्याला एका चिनी सरोवरावरून ‘पो-यांग’ असें नांव दिलें होतें, व त्यांतले मासे तो स्नेह्यांना भेट म्हणून पाठवी. त्याच वॉलपोलची सेलिमा नांवाची मांजर १७४७ सालीं सोनेरी माशांच्या कुंडींत डोकावतां डोकावतां बुडून मेली, आणि थॉमस ग्रे या कवीनें तिच्यावर जें विनोदी विलापगीत रचलें तें इंग्रजी काव्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. चोर बुडाला, मासे वांचले, आणि उपदेश मात्र स्त्रियांच्या वाट्याला आला, अशी त्या कवितेची गंमत आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें तिचें महत्त्व एवढेंच कीं, माशांचें तळें मठांतून निघून गृहस्थाच्या दिवाणखान्यांत व बागेंत आलें, हें ती सांगते.

या स्थित्यंतरांतला एक मर्मभाग मात्र हौशी लोकांच्या लक्षांत सहसा येत नाहीं. सोनेरी मासा चमकतो म्हणून आपणांस आवडतो; परंतु निसर्गानें माशाला काळपट रंग दिला तो वरून पाहणाऱ्या डोळ्यांपासून लपण्यासाठींच. मनुष्यानें पिढ्यान् पिढ्या निवड करून तें त्याचें चिलखत काढून घेतलें, लपावयास खोल डोह होता तेथें उथळ व स्वच्छ पाणी दिलें, पळावयास नदी होती तेथें चार हातांचा हौद दिला. आणि मग बगळ्यानें त्याला पाहिलें म्हणून बगळ्यास शिव्या दिल्या! चीनमधील ज्या पुण्यतळ्यांत हा रंग टिकला, तेथें तो अभयदानाच्या आश्रयानें टिकला होता. अभय काढून घेतलें आणि रंग तेवढा ठेवला, तर परिणाम काय व्हावयाचा हें सांगावयास नको. ज्याला आपण दुबळें करून आपल्या दारीं आणलें, त्याच्या राखणीची जबाबदारी आपल्यावर दुप्पट येते, ही गोष्ट केवळ माशांपुरती खरी आहे असें नाहीं.

विसाव्या शतकांत बगळ्याचें दैव तिसऱ्यांदा फिरलें. या वेळीं त्याला आश्रय मिळाला तो खेळाचा नव्हे, तर जिज्ञासेचा. १९२८ सालीं मॅक्स निकल्सन या चोवीस वर्षांच्या तरुण अभ्यासकानें इंग्लंड व वेल्समधील बगळ्यांच्या सर्व वसाहती मोजण्याचें काम शेंकडों हौशी निरीक्षकांच्या साहाय्यानें पार पाडलें. सुमारें ४,००० घरटीं भरलीं. ही मोजणी पुढें दरवर्षीं चालूं राहिली, आणि एकाच जातीच्या पक्ष्याची इतकीं वर्षें अखंड चाललेली दुसरी मोजणी जगांत नाहीं असें म्हणतात. तिच्यामुळें एक नवीन ज्ञान झालें. १९६२-६३ च्या भयंकर हिंवाळ्यांत पाणी गोठून राहिलें तेव्हां बगळ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली, व नंतर कांहीं वर्षांत ती पुन्हां भरून निघाली. बगळ्याचा खरा नियंता बंदूक नसून गोठलेलें पाणी आहे, हें त्या आंकड्यांनीं दाखविलें. दरम्यान १९५४ च्या पक्षिसंरक्षणाच्या कायद्यानें त्याला अभय मिळालें, व १९८१ च्या कायद्यानें तें कायम झालें. मत्स्यव्यवसायाचें गंभीर नुकसान होत असल्यास, इतर उपाय थकल्यावर, सरकारी परवान्याची वाट ठेवलेली आहे. परंतु कोणीं आपल्या अंगणांतल्या चार माशांसाठीं बगळा मारावा, हें कायद्यास मान्य नाहीं. सातव्या हेन्रीचा कायदा आणि हा कायदा दोन्ही बगळ्याला राखतात. परंतु पहिल्यानें त्याला शिकाऱ्यासाठीं राखलें, दुसऱ्यानें त्याला त्याच्या स्वतःसाठीं राखलें. चार-साडेचार शतकांत इंग्लंडांतील विचाराचा जो प्रवास झाला, तो या एका भेदांत सांठविला आहे.

मग आतां तळ्याच्या धन्यानें काय करावें? आश्चर्याची गोष्ट अशी कीं, उपाय पुन्हां तेथेंच येऊन पोंचले आहेत जेथें जुने तळेंवाले होते. बगळा सहसा थेट पाण्यांत उतरत नाहीं. तो कांठापासून कांहीं अंतरावर उतरतो व चालत पाण्यांत शिरतो. म्हणून कांठाच्या भोंवतीं एक वीत व दीड-दोन वीत अशा उंचीवर दोन दोऱ्या ताणल्या तर त्याच्या लांब पायांस अडथळा होतो. त्याच्या पायांची उंची ठरलेली, म्हणून तळ्याचे कांठ उतरते न ठेवतां उभे ठेवावे व पाणी कांठाशींच दोन फुटांहून खोल असावें, म्हणजे त्याला उभें राहावयास जागा मिळत नाहीं. तळाशीं कौलाचे किंवा मातीचे नळ टाकावे, पाणवनस्पति वाढवाव्या, म्हणजे माशांस आडोसा मिळतो. वर जाळें ताणणें हा सर्वांत खात्रीचा उपाय. तें घट्ट व दिसेल असें असावें, नाहींतर पक्षी त्यांत अडकून मरतो. कांठावर प्लॅस्टिकचा खोटा बगळा उभा करण्याची युक्ति पुष्कळ करतात. पण ज्याचा धंदाच निश्चल उभें राहण्याचा, त्याला दुसऱ्या निश्चल बगळ्याचें भय किती दिवस वाटणार? आणि पहाट व तिन्हीसांज हे त्याचे खास समय असल्यामुळें त्या वेळीं घरधनी स्वतः तळ्याकडे फेरी घालील, तर त्याच्याएवढा राखणदार दुसरा नाहीं.

आमच्या इकडेही ही जुनीच कथा आहे. पंचतंत्रांतला म्हातारा बगळा तळें आटणार असें सांगून माशांना दुसरीकडे पोंचविण्याच्या मिषानें खातो, व अखेर खेंकड्याच्या नांगीनें मरतो. तेव्हांपासून आपल्या भाषेंत बगळा ढोंगाचा पुतळा झाला, आणि ‘बकध्यान’ हा शब्द शिवीसारखा वापरांत आला. वस्तुतः ढोंग मनुष्याला करावें लागतें. बगळ्याचें ध्यान खरेंच असतें! कोंकणांत महाडजवळ वाळण कोंड येथें व वैतरणेवर तिळसें येथें देवाचे म्हणून राखलेले मासे आहेत. तेथें माणसानें आपल्याच हाताला बंधन घातलें आहे. अलीकडे, २०१६ पासून सरकारी योजनेनें गांवोगांव शेततळीं झालीं व त्यांत मत्स्यबीज सोडलें जाऊं लागलें, तेव्हां बगळे, पाणकावळे व खंड्ये यांशीं महाराष्ट्रांतील शेतकऱ्याचीही तीच गांठ पडली. त्याचा मासा हौसेचा नाहीं, पोटाचा आहे. त्याचें नुकसान हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. तरीही त्यानें तळ्यावर दोऱ्या व जाळीं ताणण्याचा मार्ग धरला आहे, व तो सर्वथा योग्य आहे. मात्र त्या जाळ्याचा खर्च त्या एकट्याच्या माथीं पडूं नये, कारण पक्षी राखावे ही इच्छा साऱ्या समाजाची आहे. समाजानें दया करावी आणि तिची किंमत गरिबाच्या तळ्यांतून वसूल व्हावी, हा सातव्या हेन्रीच्या काळचाच न्याय झाला.

महाभारताच्या वनपर्वांत तळ्यावर आलेल्या युधिष्ठिराला यक्ष आपली पहिली ओळख बक म्हणून करून देतो, आणि हें तळें माझें आहे, आधीं माझ्या प्रश्नांचीं उत्तरें दे, मग पाणी घे, असें बजावतो. ज्यांनीं प्रश्न ऐकून घेतले नाहींत ते चौघे भाऊ कांठावर पडले होते. आम्हांस या कथेंतला बक नेहमीं मोठा अर्थपूर्ण वाटत आला आहे. तळें खणणारा म्हणतो, मीं खणलें म्हणून तें माझें. बगळा कांहीं बोलत नाहीं. परंतु तळें नव्हतें त्याआधींपासून तो येथील ओलाव्यावर जगत आला आहे, आणि ज्या दलदली आपण कोरड्या केल्या त्या त्याच्या होत्या. कायद्याच्या दृष्टीनें मासा आपला, हें रोमन पंडितांनीं सांगितलें तें खरेंच. पण मालकी म्हणजे केवळ हिसकावणाऱ्याला मारण्याचा अधिकार नव्हे. आपल्या वस्तूभोंवतीं दोन दोऱ्या बांधण्याचें, पहाटे उठून फेरी घालण्याचें, चार फूट खोल खणण्याचें कष्टही तिच्यांतच येतात. जो एवढे कष्ट घेईल तो तळ्याचा धनी. जो घेणार नाहीं, त्याच्या तळ्याचा धनी बगळाच राहील, आणि त्याबद्दल बगळ्याला बोल लावण्याचें कारण नाहीं.